किल्ल्यातल्या विहिरीचं पाणी

बाबांनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी अलिबागला पहिल्यांदा समुद्र पाहिला. मग डोक्यावरची टोपी सारखी करत त्यांनी मला विचारलं, "एवढं पानी कोनं सोडलं वं?"

मला हसू आलं, पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. आमच्याकडे पाणी आपण होऊन येत नाही, ते कोणीतरी सोडतं. कालव्याला सोडतात, नळाला सोडतात, टँकरमधून टाक्यात सोडतात. कोणी न सोडता येणारं पाणी बाबांना फक्त पुराचं ठाऊक होतं, आणि फेब्रुवारीत पूर येत नाही.

आमचं गाव अकोल्यापलीकडे, पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात. जमीन काळी, कापूस आणि तूर झकास येते, पण खाली खणलं की पाणी खारं. विहीर खणा नाहीतर बोअर घ्या, खारंच. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, चहात दूध टाकलं की कधीकधी फाटतं, आणि हंड्याला आतून पांढरा थर बसतो. शाळेत मास्तर सांगायचे की फार पूर्वी इथे समुद्र होता, तो निघून गेला आणि मीठ मागे ठेवून गेला. खरंखोटं जाणकारांना माहीत. पण लहानपणी मला ते फार आवडायचं. आपण समुद्रकाठचेच आहोत, फक्त जरा उशिरा पोचलो, असं मी मैत्रिणींना सांगत असे.

मी अकोल्याला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. चोवीस वर्षं झाली. लोक बाटल्या भरून आणतात आणि मी त्यांना पाणी पिण्याजोगं आहे की नाही ते सांगते. स्वभाव त्या कामामुळे असा झाला की आधीपासूनच असा होता, कोण जाणे. पण कोणी काही म्हटलं की मला आधी मोजून पाहावंसं वाटतं. घरातले म्हणतात, हिच्याशी बोलायचं तर पुरावा हातात ठेवा. लग्नाला गेले तरी माझ्या पर्समध्ये पेनाएवढं मीटर असतंच. पाण्यात बुडवलं की त्यात किती क्षार आहेत त्याचा आकडा दाखवतं. पाचशेच्या आत असला की मी त्या पाण्याला गोड म्हणते. आमच्या घरच्या विहिरीचा आकडा तीन हजारांच्या वर जातो.

आईला दोनदा मूतखडा झाला. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "किडनीवर ताण यायला लागलाय. हे पाणी आता बंद करा." गावात फिल्टरच्या पाण्याचं मशीन आहे, चालू असलं तर असतं. पण बाबा ते पाणी पीत नाहीत. फिल्टरचं पाणी मेलेलं असतं, असं त्यांचं मत. आणि बाबा ज्या माठातलं पितात त्याच माठातलं आई पिते, त्यात घरात कधी कोणाला काही वावगं वाटलं नाही. मी दोघांना म्हटलं, माझ्याकडे अकोल्याला या, वरची खोली रिकामीच आहे, वावर बटाईनं देऊन टाका. बाबा म्हणाले, "मी मेल्यावर." आणि उठून गोठ्याकडे गेले.

असे सहा महिने गेले. मी दर रविवारी गावी जायची, भांडायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायची.

मग गावातला एक जण अलिबागची सहल करून आला आणि पारावर बसून त्यानं सांगितलं की तिथे समुद्रात किल्ला आहे, चारी बाजूंनी खारं पाणी, आणि किल्ल्याच्या आत विहिरीला गोड पाणी. बाबा तिथून घरी आले ते वेगळेच. त्यांचे डोळे चमकत होते.

"समिंदराच्या मधात गोड पानी लागते," ते मला म्हणाले, "अन् माह्या वावरात नाई लागत? म्हंजे पानी चुकलं नाई, आपलं खंदनं चुकलं."

नाल्याच्या अंगाला वावराचा जो कोपरा आहे, तिथे त्यांना नवी विहीर खणायची होती. मी समजावलं. किल्ल्याची गोष्ट वेगळी, तिथे खडक आहे, पावसाचं पाणी साठत असेल, मुरत असेल. आपली जमीन वेगळी.

"तू पायलं का?"

"नाही."

"मोजलं का?"

"नाही."

"मंग?"

माझंच शस्त्र त्यांनी माझ्यावर चालवलं. मग त्यांनी अट घातली. सगळ्यांनी अलिबागला जायचं, त्या विहिरीचं पाणी पाहायचं. "गोड निंघालं तं मी इहीर खंदतो, अन् अकोल्याचं नाव कोनी काढाचं नाई. खारं निंघालं तं घराले कुलूप लावून तुह्याकडं येतो. बस्स."

मी हो म्हटलं. आई तेव्हा भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकर उलटली आणि विचारलं, "तिथं किती रोज रायनं हाय? दशम्या किती करू?"

खरं सांगायचं तर मी त्या विहिरीबद्दल मोबाइलवर जिथे मिळेल तिथे वाचून काढलं होतं. जो तो गोड पाणी, गोड पाणी म्हणत होता. पण एकानंही मोजलेलं नव्हतं. लोक तहानेले असले की कशालाही गोड म्हणतात, हे मी कामावर रोज पाहते. आठशे निघालं तरी मला चाललं असतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला एखादं पाणी खारं निघावं असं मनापासून वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

रात्रीची गाडी पकडून सकाळी कल्याणला उतरलो आणि तिथून एसटीनं अलिबाग. बाबांच्या हातात पाच लिटरचा एक कॅन होता. मला वाटलं तेल असेल. पनवेलच्या पुढे त्यांनी तो उघडून तोंडाला लावला तेव्हा कळलं, घरच्या विहिरीचं पाणी भरून आणलंय. "दुसऱ्या पान्यानं माही तहान भागत नाई," ते म्हणाले. खाऱ्या पाण्याचा कॅन घेऊन समुद्राला निघालेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पण त्यांचं खरं होतं. आमच्या पट्ट्यातली जुनी माणसं पाहुणी गेली की तिथलं पाणी त्यांना फिक्कं लागतं, बेचव. जन्मभर एकच चव प्यायल्यावर जिभेला खारं कळेनासं होतं. बाबांना ते मान्य होतं, म्हणूनच ते म्हणाले होते की आकडा मीटर सांगेल आणि चव आई सांगेल. आई वलगावची, बागायतदार माळ्याची मुलगी. तिच्या माहेरच्या विहिरीचं पाणी गोड. घरात गोड पाण्याची जाणकार तीच.

दुपारी लॉजवर सामान टाकून चारच्या सुमारास किनाऱ्यावर पोचलो. वाळू काळसर होती, त्यामुळे बाबांना लगेच आपलेपणा वाटला. त्यांनी चिमूटभर उचलून बोटांत चोळली आणि टाकून दिली. समोर किल्ला होता. मला वाटलं होतं होडीनं जावं लागेल, तर लोक चक्क पायी चालले होते. घोट्याएवढ्या पाण्यातून बायका चपला हातात घेऊन, पोरं ओरडत, घोडागाड्या चाकांनी पाणी उडवत किल्ल्याकडे जात होत्या. मलाही कुतूहल आवरेना. "चला," मी म्हटलं.

"जाऊ ना," बाबा म्हणाले. "भाकर तं खाऊ. किल्ला कुठं पयून जाऊन रायला?"

पाहण्याच्या आधी जेवण, ही आमच्याकडची रीत. तीर्थाला गेलं तरी आधी पंगत. सुरूच्या झाडांखाली आईनं चादर अंथरली, दशम्या काढल्या, लसणाची चटणी, तेल, कांदा. रात्रभरचा प्रवास झाला होता. बाबा जेवले, टोपी तोंडावर ठेवून आडवे झाले आणि घोरायला लागले. आईनंही पाय लांब केले. मी पाणी तपासणारी बाई, मला तरी कोणाला विचारायची बुद्धी व्हायला हवी होती. पण मी एका घोडागाडीवाल्याशी घोड्याच्या खुरांना खाऱ्या पाण्यानं काही होतं का यावर गप्पा मारत बसले.

परत आले तेव्हा साडेसहा झाले होते. बाबा उठून उभे होते आणि समोर पाहत होते. ज्या वाटेनं माणसं चालत गेली होती तिथे लाटा येत होत्या.

"पूर आला कावून?" बाबा म्हणाले. "पाऊस तं नाई कुठं."

शेजारचा नारळपाणीवाला हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं समजावलं की भरती लागली, रोज दोनदा पाणी येतं आणि दोनदा जातं, ओहोटीलाच किल्ल्यात जायचं, आणि उद्या आजच्यापेक्षा पाऊण-एक तास उशिरा. बाबांनी सगळं बारकाईनं ऐकून घेतलं. "म्हंजे पाळी हाय," ते मला म्हणाले. कालव्याच्या पाण्याला शेतकऱ्यांच्या पाळ्या असतात, तशी. त्यानंतर समुद्राचा त्यांना धाक उरला नाही.

दुसऱ्या दिवशीची वेळ कळली होती, त्यामुळे सकाळभर गाव पाहिलं. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा बाहेरून पाहिली. तिथे लोखंड न वापरता इमारत बांधली आहे, असं फाटकापाशी एका माणसानं सांगितलं, तेव्हा मी तिथून हलेनाच. मोजणीत खोट येऊ नये म्हणून घरातून खिळासुद्धा काढून टाकणारी माणसं मला फार जवळची वाटली. बाबा म्हणाले, "तुले इथंच ठेवून जातो." जुन्या आरमाराच्या खुणा पाहिल्या, कौलारू घरांच्या गल्ल्या पाहिल्या. प्रत्येक परसात विहीर. बाबा प्रत्येक विहिरीपाशी थांबत आणि वाकून पाहत. एका म्हाताऱ्यानं त्यांना चोर समजून हटकलंही.

आईला मात्र रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या कांद्यानं अडवलं. इथे कांद्याच्या पाती एकमेकींत गुंफून लांबलचक वेण्या करतात आणि टांगून विकतात. आईनं एक वेणी उलगडून पाहिली, पुन्हा गुंफून पाहिली, आणि विकणाऱ्या बाईशी तिचं जमलं. बियाणं कोणतं, लावणी कधी, किती दिवस टिकतो, सगळं विचारून झालं.

"तुमच्या हिरीचं पानी गोड हाय?" आईनं विचारलं.

"गोड आहे की."

"बाराही मयने?"

"हो. उन्हाळ्यात आटतं जरा, पण गोडच."

आईनं दोन वेण्या घेतल्या आणि एक मला धरायला दिली. मी दमले होते आणि ऊन लागत होतं. मी म्हटलं, आता चल, वेळ होईल.

चारनंतर आम्ही किनाऱ्यावर होतो. आज पाणी मागे हटत होतं. आईच्या गुडघ्यांमुळे तिला घोडागाडीत बसवलं. बाबांनी धोतर वर खोचलं आणि गाडीच्या बाजूनं चालत निघाले. मधेच एकदा थांबून त्यांनी मीटर मागून घेतलं आणि समुद्रात बुडवलं. मीटरनं आकडाच दाखवला नाही, हात टेकले. बाबा खूश झाले. "पाय, तुह्या मशीनले झेपलं नाई." मग म्हणाले, "हे आता माह्यापाशीच राहू दे. तू मनात खोट धरून आली हाय." बाप आहे, ओळखतो. मी मीटर त्यांना ठेवू दिलं.

किल्ल्याच्या दारातून आत गेलो. तटाचे दगड चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले होते आणि इतकी वर्षं लाटा खाऊन जागचे हलले नव्हते. एरवी मी त्यांच्यापाशी तासभर रेंगाळले असते. गणपतीचं देऊळ, पायऱ्यांची मोठी पुष्करणी, चाकांवरच्या तोफा, सगळं होतं. बाबांनी गणपतीला हात जोडले आणि तोफांकडे ढुंकूनही न पाहता विचारलं, "इहीर कुठं हाय?"

विहिरीपाशी एक बाई लिंबूसरबत विकत होती. तिनं आम्ही कुठून आलो ते विचारलं आणि नुसत्या विहिरीसाठी एवढं लांब आलो हे ऐकून तिला गंमत वाटली. तिनं स्वतःच दोरीनं बादली सोडली आणि भरून वर ओढली. पाणी नितळ होतं.

बाबांनी मीटरचं टोपण काढलं आणि ते बादलीत धरलं. आकडा वरखाली झाला आणि थांबला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. दोनशे शहाऐंशी.

मी हरले होते. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. सत्तरी उलटलेला माणूस, पण पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखा. त्यांना काही आकडा समजावून सांगायला नको होता. पाचशेच्या आत म्हणजे गोड, हे मीच त्यांना दहा वेळा शिकवलं होतं. मला दिसत होतं ते असं: नाल्याच्या अंगाची विहीर, तिच्यातलं तेच पाणी, तोच माठ, आणि डॉक्टरांच्या टेबलावरचा चष्मा. रडूच यायचं बाकी होतं. आकडा थोडा जास्त सांगावा, असंही क्षणभर मनात आलं. पण मीटर त्यांच्या हातात होतं.

बाबा आता चवीसाठी थांबले होते. त्यांनी तांब्या बुडवला आणि आईला म्हणाले, "धर हात. पे, अन् सांग."

आईनं ओंजळ केली. बाबा वरून पाणी ओतत राहिले आणि ती पीत राहिली. एक ओंजळ, दुसरी ओंजळ, तिसरी. मी तिला इतकं पाणी एका दमात पिताना कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं ओले हात तोंडावरून फिरवले, पदरानं तोंड पुसलं आणि सरळ बाबांकडे पाहिलं.

"खारं हाय," ती म्हणाली.

सरबतवाली बाई दचकली. "अहो काकी, असं काय बोलता, मी रोज याच पाण्याचा..."

बाबांनी तिला हातानं थांबवलं. त्यांनी मीटरकडे पाहिलं, आकडा तसाच होता. त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं नजर हलवली नाही. उभ्या आयुष्यात तिनं बाबांचं बोलणं खोडलेलं मला आठवत नाही, आणि इथे ती मीटरही खोडून उभी होती. मी तोंड उघडणार होते. काय बोलणार होते देव जाणे. पण बाबांनी आधी विचारलं, अगदी हळू.

"कवापासून वं?"

"लगन होऊन आली तवापासून," आई म्हणाली.

बाबांनी मीटरला टोपण लावलं आणि ते माझ्या हातात दिलं. तांब्यात उरलेलं पाणी त्यांनी स्वतः पिऊन पाहिलं. त्यांना ते फिक्कंच लागलं असणार.

परत येताना आईला त्यांनी हात देऊन गाडीत चढवलं. पाणी अजून घोट्याच्या खालीच होतं. मी मागून चालत होते आणि मला स्वतःचा भयंकर राग येत होता. हजारो माणसांच्या हजारो बाटल्या मी तपासल्या, डॉक्टरांशी बोलले, बाबांशी सहा महिने भांडले, त्यांची अट मान्य केली. आणि तुला काय पाहिजे, कुठं राहायचंय, हे आईला एकदाही विचारलं नव्हतं. बाबांनीही नाही. आम्ही दोघं तिच्या जिवाची पैज लावून समुद्रापर्यंत आलो होतो आणि ती आमच्यासाठी दशम्या करून सोबत आली होती.

किनारा जवळ आला तेव्हा बाबा चालता चालता माझ्याजवळ आले. गाडीतली आई ऐकेल इतक्या मोठ्यानं त्यांनी विचारलं, "पोरी, तुह्याकडं नळ किती वाजता येते?"

"सकाळी सहाला," मी म्हटलं.

"मी भरत जाईन," बाबा म्हणाले.